काळी, पांढरी आणि स्लॅब

अकोल्यात घर गळतं जूनमध्ये, पण गळायची तयारी मे महिन्यातच झालेली असते. पारा ४५ च्या आसपास, गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही. रात्री स्लॅब थंड होतो, सकाळी पुन्हा तापतो. दहा मीटर लांब स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर तो जवळपास तीन मिलीमीटर वाढतो नि तेवढाच आकसतो. महिनाभर रोज हे चाललं की भिंत आणि स्लॅबच्या सांध्यात बारीक भेग पडते. मृगाचं पाणी नेमकी तीच शोधतं.

मोर्णेच्या काठी, असदगडाच्या आसऱ्याने वाढलेलं आमचं जुने शहर स्लॅबच्या कितीतरी आधीचं. वऱ्हाडातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर: सागाच्या कड्या, त्यावर फळ्या किंवा पऱ्हाट्या, वर फूटभर माती. कोकणात असं सपाट छत टिकणार नाही. तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस. अकोल्यात जेमतेम आठशे. इथे खरा शत्रू ऊन, आणि फूटभर माती ते अडवते.

ही माती शेतातली नव्हे. वऱ्हाडात 'काळी' म्हणजे शेत, 'पांढरी' म्हणजे गावठाण. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात हात जाईल एवढी भेगाळते. छतावर ती काय कामाची? म्हणून पांढरी, खारी माती. क्षारातल्या सोडियममुळे मातीचे बारीक कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, आणि पाणी खाली मुरत नाही. वॉटरप्रूफिंगचं रसायन गावातच होतं म्हणा ना! पण दर वर्षी मृगाआधी वर चढून नवी माती टाकायची, चोपायची, पन्हाळं मोकळं करायचं, हे चुकत नसे.

ज्यांनी चुकवलं त्यांचं काय? माझा हिशेब असा: १० बाय १० च्या खोलीवर फूटभर माती म्हणजे पावणेपाच टन. त्यात एकदशांश पाणी मुरलं, की अर्धा टन आणखी. कडी कुजलेली असेल तर गळण्यावर भागत नाही, छतच खाली येतं. धाब्याच्या आठवणींनी गहिवरणारे लोक हे सांगत नाहीत.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर रेल्वे अकोल्यावरून धावू लागली, कापसाचा व्यापार फुगला. पन्हाळी पत्रा लंडनमध्ये १८२९ सालीच निघाला होता. पुढे तो इथल्याही घरांवर चढला. टीन हलकं, पण मेमध्ये भट्टी. मग स्लॅब आला. त्याची खरी मोहिनी मजबुतीपेक्षा वेगळी होती: आता दरसाल वर चढायला नको. आणि खाली तीच काळी माती. ती फुगते-आकसते तशा भिंती हलतात, सांधे उघडतात.

जुलै २०२१ मध्ये एका रात्रीत सुमारे २०० मिलीमीटर पाऊस झाला, म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा. धाब्याचा सगळा हिशेब सावकाश पडणाऱ्या पावसावर बेतलेला.

आमच्या घराचा पुढचा भाग अजून धाब्याचा, मागचा स्लॅबचा. पुढचं पाडायचं असं आईचं ठरलंय. मीही हो म्हटलंय. आता वाद एवढाच, की नव्या स्लॅबवर टीनचं शेड टाकायचं की नाही. सावलीत स्लॅब कमी तापेल हे माझं म्हणणं, आई म्हणते, "मंग टीन उडालं त तू पुण्याहून येशील काय धरायला?"