सर्पगंधा, मेंदूतील संदेशवाहक द्रव्ये आणि मनोरुग्णांची परिचर्या

कुलाबा हा १८६९ साली स्वतंत्र जिल्हा झाला व अलिबाग हे त्याचे मुख्य ठिकाण ठरले. १९८१ साली या जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण या नात्याने न्यायालय, तुरुंग, कचेरी व इस्पितळ या संस्था अलिबागेत आल्या. परंतु मनोरुग्णांसाठी स्वतंत्र इस्पितळ तेथे झाले नाही. दक्षिणेस रत्नागिरी येथे १८८६ साली आणि उत्तरेस ठाणे येथे १९०१ साली अशी इस्पितळे निघाली. या दोहोंमधील किनारपट्टीवर राहणाऱ्या कुटुंबास रुग्ण घरी ठेवणे किंवा दूर पाठविणे एवढेच मार्ग मोकळे होते. ‘ठाण्यास पाठविणे’ हा शब्दप्रयोग मराठी बोलण्यात वेडाचा पर्याय म्हणून रूढ झाला, त्याचे मूळ याच परिस्थितीत आहे.

१९१२ च्या कायद्याने हा मार्ग अधिक स्पष्ट केला. भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या मनोरुग्णास पोलिसाने दंडाधिकाऱ्यापुढे आणावे, डॉक्टरचे प्रमाणपत्र घ्यावे आणि दंडाधिकाऱ्याच्या आज्ञेने त्यास इस्पितळात दाखल करावे, अशी ही पद्धत होती. रुग्णाचा प्रवास शिपायाच्या हातून सुरू होई आणि रक्षकाच्या हाती संपे. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालात असे नमूद आहे की, देशात मनोरुग्णांसाठी सुमारे चाळीस हजार लोकसंख्येमागे एकच खाट होती, आणि बहुतेक इस्पितळांची रचना उपचारांपेक्षा सुरक्षित कोंडून ठेवण्याच्या हेतूने झालेली होती. अशा इस्पितळांत परिचर्या म्हणजे मुख्यतः पहारा होय. रुग्णाने पळून जाऊ नये, कोणास मारू नये, स्वतःस इजा करू नये, एवढे पाहिले म्हणजे काम झाले असे समजले जाई. रुग्णाच्या मेंदूत काय चालले आहे, याविषयी परिचारिकेस काही ठाऊक असण्याची अपेक्षा नव्हती. आणि खरे पाहता त्या काळी ते डॉक्टरांसही फारसे ठाऊक नव्हते.

या स्थितीत पालट घडवून आणणाऱ्या कारणांपैकी एक कारण कोकणच्या रानात उगवणारे होते. सर्पगंधा किंवा अडकई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झुडपाची मुळी आयुर्वेदात व लोकवैद्यकात जुनी आहे. विल्यम डायमॉक व त्यांचे सहकारी यांनी १८९० नंतरच्या काही वर्षांत मुंबईहून प्रसिद्ध केलेल्या भारतीय वनौषधींवरील ग्रंथात अशी नोंद आहे की, दक्षिण कोकणातून मुंबईस येणारे बहुतेक मजूर पोटाच्या दुखण्यावरील उतारा म्हणून या मुळीचा थोडा साठा जवळ बाळगीत. या मजुरांची गलबते व आगबोटी अलिबागच्या किनाऱ्यासमोरूनच मुंबईकडे जात. कोकणात पोटासाठी वापरली जाणारी हीच मुळी बिहार व बंगाल या प्रांतांत वेडावरील औषध म्हणून प्रसिद्ध होती. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोन्ही विकारांवरील तिच्या गुणाचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला. तेव्हापासून पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले.

१९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत या मुळीतून ‘रेसर्पीन’ हे शुद्ध द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढील वर्षी अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मनोरुग्णांवरील आपले अनुभव मांडले. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यातच होते. त्यांचे वृत्त अमेरिकन दैनिकात वाचून न्यूयॉर्क राज्यातील डॉ. नेथन क्लाइन यांनी आपल्या इस्पितळात हे औषध वापरून पाहिले व १९५४ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. याच सुमारास, १९५२ साली, पॅरिस येथे डिले व डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन या कृत्रिम औषधाचा उपयोग दाखवून दिला होता. दोन्ही औषधांच्या योगे अनेक वर्षे कोंडलेले रुग्ण शांत झाले, बोलू लागले, जेवणाच्या पंगतीत बसू लागले.

ही औषधे नेमकी करतात काय, या प्रश्नाच्या उत्तराने मेंदूविषयीची कल्पनाच बदलून टाकली. मेंदूतील मज्जापेशी एकमेकींस चिकटलेल्या नसतात. त्यांमधील सूक्ष्म अंतर ओलांडण्यासाठी त्या विशिष्ट रासायनिक द्रव्ये सोडतात. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन व डोपामीन ही अशा संदेशवाहक द्रव्यांपैकी होत. पेशीच्या टोकाशी असलेल्या इवल्या कोशिकांत ती साठविलेली असतात. रेसर्पीन या कोठाराचे दार बंद करते. द्रव्य आत जाऊ शकत नाही, बाहेर राहिलेले नष्ट होते आणि साठा हळूहळू रिकामा होतो. १९५५ साली अमेरिकेत ब्रोडी, शोअर व प्लेचर यांनी सेरोटोनिनच्या बाबतीत हा ऱ्हास दाखविला. १९५७ साली स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पीनमुळे निश्चल झालेल्या सशांना डोपामीनचे पूर्वद्रव्य देताच ते पुन्हा हालचाल करू लागल्याचे दाखवून दिले. या संशोधनाच्या परंपरेतील कार्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

परिचर्येच्या इतिहासात या शोधाचे महत्त्व असे की, परिचारिकेच्या साध्या निरीक्षणास आता निश्चित अर्थ प्राप्त झाला. रिकामे झालेले कोठार औषध थांबविताच भरून येत नाही. म्हणून शेवटच्या मात्रेनंतरही अनेक दिवस रुग्णाचा रक्तदाब व मनःस्थिती यांवर लक्ष ठेवावे लागे. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे कार्य मंदावले की उठताना रक्तदाब एकदम उतरतो. म्हणून रुग्णास आधी खाटेच्या काठावर बसवून मग उभे करावयाचे. डोपामीनचे कार्य अडले की हात कापतात, चेहरा गोठतो, चाल आखडते. सर्वांत नाजूक प्रश्न अस्वस्थतेचा होय. क्लोरप्रोमाझीनसारख्या औषधांमुळे काही रुग्णांना एका जागी बसवत नाही. ते सारख्या येरझाऱ्या घालतात. पहाऱ्याच्या दृष्टीस हे वेड वाढल्याचे लक्षण दिसते, तशी नोंद होते, औषध वाढते आणि त्रासही वाढतो. जाणती परिचारिका मात्र रुग्णास विचारते, त्याचे पाय पाहते, मात्रा केव्हा दिली हे तपासते व डॉक्टरांस योग्य ते कळविते. एकाच दृश्याच्या दोन वाचनांवर एका माणसाचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

रसायनाच्या भाषेची मर्यादाही याच इतिहासाने दाखविली. रेसर्पीन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अशा नोंदींवरून १९६५ च्या सुमारास नैराश्य म्हणजे संदेशवाहक द्रव्यांची उणीव, असे मत बळावले. पुढील संशोधनाने हे समीकरण अपुरे ठरविले. रेसर्पीन व नैराश्य यांचा संबंधही पूर्वी वाटला तितका सरळ राहिलेला नाही, आणि मनोविकारांवर रेसर्पीनचा वापर आता जवळजवळ थांबला आहे. रेसर्पीन वेगळे झाले त्याच १९५२ साली हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने आपल्या ग्रंथात परिचारिका व रुग्ण यांमधील संबंध हाच उपचाराचा भाग असल्याचे प्रतिपादन केले होते. ही दोन सूत्रे परस्परविरोधी नव्हेत. औषधाने रुग्ण बोलण्याजोगा होतो. त्याच्याशी बोलणारे कोणी नसेल तर ती शांतता म्हणजे निराळ्या प्रकारची साखळीच होय.

भारतात १९५४ साली बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली व तेथे मनोरुग्ण परिचर्येचे खास शिक्षण मिळू लागले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ साली त्याची जिल्हा योजना सुरू झाली. पुढे रायगड जिल्हाही तीत आला. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णास साखळदंडाने बांधणे सर्वथा निषिद्ध ठरविले. अलिबागेत २०२१ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या गावाहून रुग्ण दूर पाठविला जाई, तेथेच त्याच्यावर उपचार व्हावेत, अशी आता अपेक्षा आहे.

तथापि उपचाराचे स्थान बदलले म्हणजे निरीक्षणाची गरज संपली असे नाही. इस्पितळात दिवसरात्र परिचारिका असते. घरी औषध घेणाऱ्या रुग्णाच्या येरझाऱ्या, थरथर वा खिन्नता आईच्या किंवा भावाच्या दृष्टीस पडते, आणि त्यांस तिचा अर्थ सांगणारे कोणी नसेल तर पहाऱ्याच्या काळातील चूक घराच्या ओसरीवर पुन्हा घडते. यास्तव मेंदूतील द्रव्यांविषयीचे ज्ञान परिचारिकेच्या मार्फत कुटुंबापर्यंत सोप्या मराठीत पोहोचणे, हे या इतिहासाचे अद्याप अपुरे राहिलेले प्रकरण होय.