भिंतीत अडकलेली मजुरी

शिवणावळ मिळेपर्यंत शिंप्याला कोट अडवून ठेवता येतो. इंग्रजी कायद्यातली ही जुनी मुभा १८७२ च्या भारतीय करार कायद्यातही कलम १७० म्हणून आली. तिथे उदाहरणे आहेत ती हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याची आणि शिंप्याची. गवंड्याला मात्र ही सोय नाही. वीट एकदा चुन्यात बसली की ती जमिनीचा भाग होते आणि जमीन मालकाची असते. भिंत काही काखोटीला मारून नेता येत नाही.

अमेरिकेत यावर तोडगा निघाला, पण त्यामागे कारागिरांविषयीचा कळवळा नव्हता. राजधानी उभारण्याची घाई होती.

जुलै १७९० मध्ये काँग्रेसने पोटोमॅक नदीकाठी नवी राजधानी वसवण्याचा कायदा केला. सरकारने तिथे १८०० मध्ये जायचे ठरले होते. शहराचा खर्च भूखंड विकून भागवायचा बेत होता. पण ऑक्टोबर १७९१ च्या पहिल्या लिलावात जेमतेम ३५ भूखंड गेले. घरे उठल्याशिवाय भूखंडांना गिऱ्हाईक नाही आणि पैशाची हमी असल्याशिवाय बांधणारे गवंडी-सुतार मिळणार नाहीत, असा तो पेच होता. शहराच्या आयुक्तांच्या त्या वर्षीच्या एका बैठकीला थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन हजर होते. तिथे ठरले, की शहराची जागा मेरीलँड राज्यातली असल्याने त्या राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज करायचा आणि बांधणाऱ्याला त्याच्या कामाच्या पैशापोटी घरावर व जागेवर बोजा चढवण्याचा हक्क मागायचा. १९ डिसेंबर १७९१ रोजी तसा कायदा झाला. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढावा, तसाच हा कारागिराचा बोजा; तिकडे त्याला ‘मेकॅनिक्स लीन’ म्हणतात.

कायद्याची झेप मात्र बेताची होती. मालकाशी थेट लेखी करार करणाऱ्यालाच त्याचा आधार मिळे. पोटकंत्राटदार, माल पुरवणारे दुकानदार त्यातून सुटले. ज्यांच्या श्रमाची मजुरी मुळात त्यांची नव्हतीच, त्यांचा तर प्रश्नच आला नाही. राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान आणि कॅपिटॉल बांधायला आयुक्तांनी गुलाम भाड्याने घेतले होते. त्यांच्या कामाचे पैसे त्यांच्या धन्यांच्या हाती पडत.

पुढे वर्तुळ रुंदावत गेले. १८०३ मध्ये पेनसिल्व्हेनियाने फिलाडेल्फियापुरता कायदा केला आणि मजुरीबरोबर मालाचे पैसेही त्यात घेतले. एकोणिसाव्या शतकात राज्यामागून राज्य त्याच वाटेने गेले. टेक्सासने १८७६ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १८७९ मध्ये हा हक्क थेट राज्यघटनेत लिहिला. सीमेपलीकडे कॅनडातल्या ओंटारियोनेही १८७३ मध्ये असाच कायदा केला.

हक्क मिळाला, तरी तो तारखांना बांधलेला राहिला. आजच्या कॅलिफोर्नियात पोटकंत्राटदाराने काम सुरू केल्यावर २० दिवसांत आगाऊ नोटीस द्यायची. पैसे थकले, तर काम पूर्ण झाल्यापासून साधारण ९० दिवसांत काउंटीच्या दप्तरी बोजा नोंदवायचा. त्यानंतर ९० दिवसांत दावा नाही लावला, तर तो बोजा बजावता येत नाही. तरीही मालक त्याला वचकून असतो. बोजा असलेले घर सहजी विकता येत नाही, त्यावर कर्ज मिळायला अडचण येते. मुख्य कंत्राटदाराने पैसे बुडवले, तर एकाच कामाचे पैसे दोनदा मोजण्याची पाळी मालकावर येऊ शकते.

एका मालकाला मात्र हा धाक कधीच लागू झाला नाही. सरकारी इमारतीवर बोजा चढत नाही. ज्या राजधानीसाठी कायदा जन्मला, तिथल्या संघराज्याच्या इमारतीही त्यातून मोकळ्या. त्या कामांवरच्या मजुरांसाठी आणि माल पुरवणाऱ्यांसाठी १८९४ चा हर्ड कायदा आला. त्याची जागा १९३५ मध्ये मिलर कायद्याने घेतली. मोठे सरकारी काम घेणाऱ्या कंत्राटदाराला तेव्हापासून पैसे चुकते करण्याची हमी देणारा जामीनरोखा आधीच भरावा लागतो, आणि थकलेली मजुरी वसूल होते ती इमारतीतून नव्हे, तर त्या रोख्यातून.