मेंढीच्या खुराकातील टाकाऊ चरबी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कपडे धुण्यासाठी साबणाऐवजी रासायनिक डिटर्जंट वापरले जाऊ लागले, तेव्हा तोवर साबणाच्या कारखान्यांत जाणारी कत्तलखान्यांतील चरबी पडून राहू लागली आणि तिला पशुखाद्यात नवे गिऱ्हाईक मिळाले. पुढे उपाहारगृहांतील तळणाचे उरलेले तेलही गाळून याच मार्गाने गेले, कारण वजनाच्या मानाने धान्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा देणारा हा पदार्थ स्वस्त होता आणि त्याने खाद्याची धूळही बसत असे.

कोंबड्या-डुकरांना तो मानवला. मेंढीचे तसे नव्हते. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या कोटीपोटात, म्हणजे जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, असंख्य सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतू फोडतात; मेद वाढला की तो तंतूंवर थर धरतो, काही जिवाणूंना मारक ठरतो आणि चारा नीट पचत नाही. म्हणूनच खुराकातील एकूण मेद शुष्क भागाच्या साधारण पाच-सहा टक्क्यांपलीकडे नेऊ नये, असा संकेत रूढ झाला. मक्याचे तेल दिल्यावर मेंढ्यांचे सेल्युलोजचे पचन घटते, हे १९५४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले, आणि लसूणघासाची राख मिसळल्यास ती हानी कमी होते, हेही त्याच सुमारास ध्यानात आले. या साध्या निरीक्षणाचे मोल फार मोठे होते. राखेतील कॅल्शियम मेदाम्लांशी संयोग पावून न विरघळणारा साबण बनवते, या जाणिवेतून १९८० च्या दशकात ओहायोतील डोनाल्ड पामक्विस्ट आणि टॉमस जेंकिन्स यांनी कॅल्शियमयुक्त मेदाचा अभ्यास पुढे नेला. हा मेद कोटीपोटातून बव्हंशी तसाच पुढे सरकतो आणि आम्लधर्मी चौथ्या कप्प्यात सुटा होतो.

पचनाचा प्रश्न असा सुटला, तरी चरबी कोठून आली हा प्रश्न मागेच राहिला होता, आणि तो अधिक गंभीर होता. १९९९ च्या आरंभी बेल्जियममध्ये पुनर्वापराच्या चरबीत विद्युत रोहित्रांतील पीसीबीयुक्त तेल मिसळले गेले, त्यातून डायॉक्सिन हे घातक विष कोंबड्यांच्या खाद्यात उतरले, दोन मंत्र्यांना पद सोडावे लागले आणि जूनच्या निवडणुकीत सरकारही गेले. युरोपीय संघाने २००२ च्या नियमाने उपाहारगृहांतील वापरलेले तेल पशुखाद्यातून वगळले. काही देशांना दिलेली सवलत २००४ मध्ये संपली आणि ते तेल बायोडिझेलकडे वळले. महाराष्ट्रातील गोठ्यांत ‘बायपास फॅट’ म्हणून पोहोचणारा कॅल्शियमयुक्त मेद मात्र बहुधा पाम तेलाच्या शुद्धीकरणात उरणाऱ्या मेदाम्लांपासून तयार होतो.