अचानक छातीत धडधड: स्मार्टवॉच, फोन आणि ईसीजी नेमकं काय सांगतात?

मागच्या मे महिन्यात मी मुक्ताईनगरला घरी आलो होतो. दुपारी लॅपटॉपवर काम करत बसलो असताना, बटण दाबावं तशी छातीत धडधड सुरू झाली. मनगटावरचा फिटनेस बँड १८४ दाखवत होता. धावपळ नाही, ताप नाही. वीसेक मिनिटांनी ती सुरू झाली तशीच एका क्षणात थांबली. दवाखान्यात गेलो तेव्हा ईसीजी नॉर्मल. निष्कर्ष एकच: टेन्शन.

मशीन चुकलं नव्हतं. मी उशिरा पोचलो होतो.

हा प्रकार काय असतो?

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका संकेतामुळे पडतो. काही जणांच्या हृदयात या संकेताला जायला जन्मापासून एक जादा वाट असते. कधीतरी संकेत त्या वाटेने उलटा फिरतो आणि गोल गोल फिरत राहतो. आपल्या भाषेत सांगायचं तर इन्फिनिट लूप! यालाच एसव्हीटी म्हणतात. ठोके साधारण १५० ते २२० पर्यंत जातात.

ओळखायची खूण म्हणजे सुरुवात आणि शेवट. भीती, ताप, उन्हाने कमी झालेलं पाणी किंवा एनर्जी ड्रिंक यांमुळे ठोके हळूहळू वाढतात आणि हळूहळूच उतरतात. एसव्हीटी झटक्यात सुरू होते, झटक्यात थांबते. तरुणांमध्ये ती बहुतेक वेळा जीवघेणी नसते, पण निदान व्हायलाच हवं.

बँड आणि वॉच यांत फरक काय?

- साधा बँड: हिरवा प्रकाश त्वचेवर टाकून रक्ताच्या लाटा मोजतो. आकडा मिळतो, हृदयातली वीज दिसत नाही. पट्टा सैल असेल किंवा हात हलत असेल तर आकडा चुकतो.
- ईसीजी असलेलं वॉच: ॲपलने २०१८ मध्ये सिरीज ४ मध्ये ही सोय आणली. दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं की ३० सेकंदांची रेषा मिळते. दवाखान्यातला ईसीजी १२ बाजूंनी बघतो, वॉच एकाच. ॲप मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन शोधतं. त्यामुळे एसव्हीटीत ‘निष्कर्ष नाही’ असंही येऊ शकतं. तरी ती पीडीएफ जपून ठेवा, डॉक्टरांना तीच हवी असते.
- कोणतंही वॉच हार्ट अटॅक ओळखत नाही.

धडधड सुरू झाली तर

१. बसा किंवा आडवे व्हा. गाडी चालवत असाल तर बाजूला थांबवा.

२. सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ फोनमध्ये लिहा.

३. वॉचवर ईसीजी घ्या. वॉच नसेल तर कोविडच्या काळात घेतलेलं ऑक्सिमीटर काढा आणि स्क्रीनचा व्हिडिओ करा. तेही नसेल तर मनगटावर १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणा.

४. धडधड चालू असतानाच कुणाला तरी घेऊन जवळच्या दवाखान्यात जा. आधी ईसीजी काढायला सांगा आणि त्याचा फोटो घ्या.

छातीत दुखणं, दम लागणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा शुद्ध हरपणं यातलं काही असेल तर रेकॉर्डिंगच्या नादी लागू नका, सरळ १०८ लावा. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

उपाय आहे का?

आहे. श्वास रोखून जोर लावायची एक पद्धत असते. त्यानंतर लगेच आडवं करून पाय वर उचलले तर ४३ टक्के रुग्णांची एसव्हीटी थांबली, नुसत्या जुन्या पद्धतीने १७ टक्के, असं २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासात दिसलं. ही पद्धत यूट्यूबवरून नको, डॉक्टरांकडूनच शिका. कायमचा उपाय म्हणजे ॲब्लेशन. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन लूपची वाट बंद करतात. एसव्हीटीच्या नेहमीच्या प्रकारात हे ९५ टक्क्यांहून जास्त वेळा यशस्वी होतं.

दुसऱ्यांदा धडधड सुरू झाली तेव्हा मी वाट बघत बसलो नाही. चुलतभावाच्या बाईकवर मागे बसून पाच मिनिटांत दवाखाना गाठला. या वेळी कागदावर सगळं उमटलं. ‘टेन्शन’ हा शब्द पुन्हा कुणी काढला नाही. आता जळगावच्या कार्डिओलॉजिस्टकडे उपचार सुरू आहेत.