कागदांची जागा आणि जागेचा हिशेब

लेखनाचा इतिहास सांगताना काय लिहिले गेले याची चर्चा विद्वान मंडळी पुष्कळ करतात; लिहिलेले ठेवायला जागा किती लागली, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो दप्तरदाराचा आणि कारकुनाचा प्रश्न म्हणून बाजूला राहतो. तथापि कागद जपले जातात की फेकले जातात, हे कित्येकदा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. म्हणून आज आम्ही एका अगदी लहान साधनाचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. संगणकातील कोणत्या फाईलने आणि कोणत्या फोल्डरने किती जागा अडविली आहे, हे सांगणारी ती एक आज्ञा आहे. तिचे नाव ‘डीयू’. ‘डिस्क यूसेज’, म्हणजे तबकडीवरील जागेचा वापर, या इंग्रजी शब्दांची ती दोन आद्याक्षरे होत.

परंतु प्रारंभ आपल्या गावापासून करणे योग्य होईल, कारण जागा आणि कागद यांची गाठ येथे फार पूर्वी पडली आहे. मलिक अंबराने १६१० साली वसविलेल्या खडकीचे १६५३ च्या सुमारास औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे हे मुख्य ठाणे. साहजिकच येथे कागद साचले. १७०७ साली औरंगजेब वारला, १७६३ साली निजामाची राजधानी हैदराबादेस गेली, तरी मोगली दप्तर किल्ले अर्कात पडून राहिले. १९१६ साली ते हैदराबादेस हलविण्यात आले आणि तेथील अभिलेखागारात ते आजही आहे.

या दप्तराची मोजदाद झाली तेव्हा दीड लाखाहून अधिक कागद निघाले. त्यांपैकी शहाजहानच्या कारकिर्दीचे सुमारे ५ हजार. बाकीचे, म्हणजे सुमारे दीड लाख, औरंगजेबाच्या कारकिर्दीचे. नुसत्या या दोन आकड्यांनीही इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुष्कळ कळते. कोणता कागद आत आहे हे न वाचताच, दप्तराचा भार कोणत्या बाजूला आहे ते ध्यानात येते. प्रत्येक दप्तराला असे दोन हिशेब लागतात: आत काय आहे याची याद, आणि कोणी किती जागा व्यापली याचा ताळा. पहिला हिशेब पंडित मांडतो, दुसरा दप्तर सांभाळणारा. आता ज्या यंत्रात हा दुसरा हिशेब एका आज्ञेवर मिळू लागला, त्या यंत्राकडे वळू.

अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी ‘युनिक्स’ नावाची संगणकप्रणाली रचीत होते. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि त्या पुस्तकात डीयू आहे. ज्या यंत्रावर हे काम चाले त्याच्या तबकडीची सारी जागा ५१२ किलोबाइट होती. आज मोबाईलवर काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. एवढ्या जागेत प्रणाली, ती रचणाऱ्यांचे लेखन आणि पेटंट खात्याचे तीन टंकलेखक दिवसभर उतरवीत असलेले अर्ज, असा सारा संसार होता. एका खोलीत चार बिऱ्हाडे राहू लागली म्हणजे कोणाची ट्रंक कोठवर आली आहे याकडे सर्वांचेच लक्ष असते. तेथे जागेचा हिशेब सांगणारी आज्ञा पहिल्याच आवृत्तीत यावी, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

आता ही आज्ञा काम कसे करते ते पाहू. फोल्डरात फाईली असतात, तसे पोटफोल्डरही असतात, आणि त्यांच्या पोटात आणखी. आपल्या दप्तरखान्यात कपाट, कपाटात रुमाल, रुमालात पुडकी आणि पुडक्यांत कागद असावेत तसाच हा प्रकार. डीयू प्रथम अगदी आतल्या पुडक्यापर्यंत जाते, तेथील जागा मोजते, मग ती बेरीज घेऊन रुमालाकडे येते आणि शेवटी कपाटाचा आकडा देते. प्रत्येक पायरीचा आकडा वेगळा मिळत असल्याने भार नेमका कोणत्या पोटात आहे ते उमगते.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मजकूर किती लांब आहे आणि त्याने जागा किती व्यापली, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. तबकडीची जागा ठरावीक मापाच्या कप्प्यांत वाटलेली असे. त्या काळी एक कप्पा ५१२ बाइटांचा होता. एकच अक्षर लिहिलेली फाईलही एक पूर्ण कप्पा अडवी. पोस्टकार्डावर दोनच ओळी लिहिल्या तरी कार्ड पुरेच खर्ची पडते, तसे हे. डीयू अडलेले कप्पे मोजते. तसेच एकच फाईल दोन नावांनी दोन ठिकाणी नोंदलेली असेल, तर ती एकदाच धरते. हिशेबनिसाचा हा सचोटीचा गुण म्हणावा लागेल.

डीयूबरोबरच ‘डीएफ’ नावाची दुसरी आज्ञा त्याच माहितीपुस्तकात आहे. ती तबकडीवर शिल्लक जागा किती ते सांगते. कधी कधी या दोघींचा ताळा जुळत नाही आणि माणूस बुचकळ्यात पडतो. कारण असे, की फाईलचे नाव यादीतून खोडले तरी एखादा चालू कार्यक्रम ती उघडून बसलेला असेल, तर तिची जागा मोकळी होत नाही. नोंदवहीतून कागद कमी झाला, पण कारकुनाच्या हातून तो सुटलेला नाही! डीयूला तो दिसत नाही. डीएफच्या हिशेबात त्याची जागा अडलेलीच असते.

मापावरूनही पुढे वाद झाला. जुना ५१२ चा कप्पा प्रमाण मानावा की १०२४ चा, यावर दोन पक्ष पडले. पॉझिक्स या प्रमाणसंहितेने ५१२ कायम ठेवले. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाने आपल्या डीयूत १०२४ घेतले आणि संहितेप्रमाणे चालू इच्छिणाऱ्यांसाठी वेगळी सोय ठेवली. ज्या देशात पेठेपेठेचा शेर निराळा होता, आणि १९५६ च्या कायद्यानंतर किलोग्रॅम आला तरी लोक मनात शेरच धरून बसले, त्या देशाला या भांडणाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आकड्यांची लांबलचक यादी वाचणे मात्र सर्वांना साधत नाही. १९९० साली मेरिलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्यापुढे हीच अडचण उभी राहिली. त्यांच्या प्रयोगशाळेतील ८० मेगाबाइटांची तबकडी १४ जण वापरीत आणि ती भरली होती. जागा कोणी खाल्ली हे एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून त्यांनी चौकोनात चौकोन मांडण्याची युक्ती काढली. ज्याने जास्त जागा घेतली त्याचा चौकोन मोठा. शेताच्या नकाशासारखे हे चित्र पुढे अनेक साधनांनी उचलले.

येथवर मोजणाऱ्याचे कौतुक झाले. परंतु मोजणी ही निवड नव्हे, हे आम्हाला निक्षून सांगावेसे वाटते. जागा संपली की मनुष्य आकड्यांची यादी मोठ्याकडून लहानाकडे लावतो आणि सर्वांत वरचे नाव प्रथम खोडतो. आज गावोगावच्या वाचनालयांत आणि सार्वजनिक संस्थांत जुन्या वृत्तपत्रांची छायाचित्रे, व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण, वृद्धांच्या मुलाखती संगणकांत साठत आहेत. यांच्या फाईली स्वभावतःच मोठ्या. सभेच्या चहाची पावती लहान. केवळ आकडा पाहून खोडणाऱ्याच्या हातून पावती वाचेल आणि आवाज जाईल.

अर्कातील दप्तराची साक्ष याच मुद्द्यावर मोलाची आहे. त्यात ‘अर्ज-ओ-चेहरा’ नावाचे कागद मोठ्या संख्येने आहेत. शिपायाचे नाव, बापाचे नाव, जात, चेहऱ्यावरील खुणा, घोड्याचा रंग आणि त्यावरील डाग, एवढाच त्यांतला मजकूर. एकेक कागद पाहावा तर नीरस. शेकड्यांनी पाहावे तर एकसारखे. जागेची टंचाई भासली असती तर पहिली कुऱ्हाड यांच्यावरच पडती. पण मोगली सैन्य कोणत्या माणसांचे बनले होते हे आज आपणास कळते, ते बव्हंशी अशाच कागदांमुळे. फर्मानांत बादशहा बोलतो. सामान्य शिपाई ज्या ठिकाणी भेटतो ते ठिकाण हे.

तेव्हा संस्थांच्या चालकांना आमचे सांगणे एवढेच आहे. डीयूसारखी आज्ञा जरूर चालवावी. जागा कोठे जाते हे न पाहणारा दप्तरदार दप्तरही गमावतो. मात्र तिने दिलेली यादी हाती आल्यावर खोडण्यापूर्वी ती फाईल उघडून पाहावी, आणि तिची दुसरी प्रत अन्यत्र आहे की नाही याची खात्री करून घ्यावी. किती जागा, हे यंत्र सांगेल. कशासाठी जागा, हे आपणच ठरवावयाचे आहे.