परळची प्रयोगशाळा आणि पानातले औषध

परळला आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेची जुनी वास्तू उभी आहे. एके काळी तेथे मुंबईचे गव्हर्नर राहत. प्लेगच्या दिवसांत, १८९९ साली, डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा या वास्तूत आली आणि १९२५ साली संस्थेला त्यांचे नाव मिळाले. परळ म्हटले की प्लेगची लस आठवते. पण गिरणीकामगारांच्या वस्तीतील गरोदर बायांच्या एका जीवघेण्या रोगाचे कोडेही येथेच सुटू लागले. आज ती हकीकत सांगावयाची आहे.

१९२८ साली डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. त्या वेळी येथील गोरगरीब बायांना गरोदरपणी एक विचित्र पांडुरोग जडे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत आणि उरलेल्या नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. कित्येक बाया त्यात दगावत. कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

विल्सबाईंनी सूक्ष्मदर्शकातून रक्त पाहिले, तसे बायांच्या ताटातही पाहिले. तळपदे या सहकाऱ्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांचा आहार व राहणी यांची पाहणी केली. ती १९३० साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या जेवणात भाजीपाला व फळे जवळजवळ नव्हती, त्या गरीब घरांत, विशेषतः मुसलमान स्त्रियांत, हा रोग अधिक आढळला.

पुढे त्यांनी माकडांना तसाच निकस आहार देऊन पाहिला. माकडांनाही पांडुरोग झाला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा झाला. हा अर्क म्हणजे विलायतेत पावाला लावून खातात तो मार्माइट. बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टपासून काढलेला, म्हणून स्वस्त. रोगी बायांना तो देताच त्यांचे रक्त सुधारू लागले. १९३१ साली हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे मात्र कळले नव्हते. लोक त्याला नुसते ‘विल्स घटक’ म्हणत.

त्याचा उलगडा व्हायला जंतूंची मदत झाली. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल व विल्यम्स या तिघांनी चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे काढले. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या एका जंतूची त्यावर वाढ होई. तीच त्यांची कसोटी होती. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून नाव पडले फोलिक आम्ल. १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार झाले. तो गट ज्यांच्या हाताखाली काम करीत होता, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्याच देशातले होते.

आता कोणी विचारील, हे जंतू आपल्या पोटात करतात काय? भाजीतील चोथा पचविणारा रस आपले शरीर तयार करीत नाही. तो चोथा मोठ्या आतड्यात उतरतो आणि तेथील असंख्य जंतू तो फोडून त्यावर जगतात. त्यातून निघणाऱ्या ब्युटिरिक आम्लासारख्या द्रव्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. काही जंतू फोलिक आम्लाच्या जातीची द्रव्ये स्वतः बनवितात, काही ती शेजाऱ्याकडून उचलतात. त्यांतली थोडी आपल्या रक्तातही जातात.

मग त्या बाया आजारी का पडल्या? जंतू तर त्यांच्याही पोटात होते. उत्तर हे, की जंतूंची ही देणगी तोकडी पडते, आणि पोटात वाढणाऱ्या जिवामुळे आईची गरज तर वाढलेली असते. तेव्हा पाला ताटातच यावा लागतो: पानातले द्रव्य आपल्यासाठी, चोथा जंतूंसाठी. हे द्रव्य पाण्यात उतरते आणि फार शिजविल्याने नासते. म्हणून भाजी उकडून तिचे पाणी ओतून देऊ नये.

१९६४ साली विल्सबाई वारल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले. पण गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोह व फोलिक आम्लाची जी गोळी मिळते, तिच्या इतिहासातले एक पान परळला लिहिले गेले आहे. ते ज्यांच्या रक्तावरून लिहिले गेले, त्या बायांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. ती गोळी हातात घेताना त्यांची आठवण असावी, एवढेच माझे मागणे.