सी भाषेंतील पूर्वसूचना कोठें लिहाव्या?

संगणकाच्या ‘सी’ भाषेंत ‘#’ या चिन्हानें आरंभ होणाऱ्या कांहीं ओळी असतात. त्यांस आपण पूर्वसूचना म्हणूं. प्रोग्रॅममध्यें त्यांचें स्थान कोठें, हा प्रश्न विद्यार्थ्याचा असला तरी त्याचें उत्तर इतिहासांत आहे.

लेखक हस्तलिखिताच्या समासांत “येथें ठळक टाइप घ्यावा” असें लिहितो. छापखान्यांतील जुळारी तसें करतो, पण छापील पानावर ती सूचना उमटत नाहीं. पूर्वसूचना याच जातीची आहे. कंपायलरच्या आधीं प्रीप्रोसेसर ती वाचतो. ‘इन्क्लूड’ म्हटलें कीं दुसरी फाइल तेथें उतरवितो. ‘डिफाइन’ म्हटलें कीं पुढें येणाऱ्या नांवाच्या जागीं ठरलेला मजकूर घालतो.

सी भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत घडविली. तींत प्रीप्रोसेसर आला तो १९७२-७३ च्या सुमारास, अंशतः ॲलन स्नायडर यांच्या आग्रहामुळें. आरंभीं त्याला वरील दोनच कामें येत. पुढें माइक लेस्क व जॉन रायझर यांनीं इतर सोयी वाढविल्या. तो कित्येक वर्षें ऐच्छिकच मानला जाई. प्रोग्रॅमच्या मुखाशीं विशेष खूण असली तरच तो कामाला लागे. त्यामुळें भाषेच्या व्याकरणाशीं त्याचा पुरता मेळ कधींच बसला नाहीं, असें स्वतः रिची यांनीं नमूद केलें आहे.

पाहुण्याचा कायदा निराळा राहिला. सीचें साधें विधान अर्धविरामानें संपतें. पूर्वसूचना ओळीबरोबर संपते, तिला अर्धविराम लागत नाहीं. जुन्या कित्येक कंपायलरांना ‘#’ ओळीच्या अगदीं पहिल्या स्थानीं लागे. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणानें त्याच्या आधीं मोकळी जागा सोडण्यास मुभा दिली. मात्र त्या ओळींत पहिलें चिन्ह तेंच हवें.

एवढें पाळलें कीं ती ओळ आरंभीं, मध्यें, फंक्शनच्या पोटांतहि चालते. नागपूरचे श्री. यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकांत या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. आमच्या जळकोटहून सोलापुरास शिकावयास जाणाऱ्या मुलांनाहि तें पुस्तक परिचित आहे.

परंतु मुभा म्हणजे मोकाट रान नव्हे. एका फंक्शनच्या महिरपी कंसांत ‘कमाल’ म्हणजे १० अशी ‘डिफाइन’ सूचना लिहिली, तर कंस मिटला म्हणून ती संपत नाहीं. ‘अन्डेफ’ येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत ती चालूच राहते. खालच्या फंक्शनांत कोणी ‘कमाल’ याच नांवाचा चल घोषित केला, तर तेथेंहि १० बसतात आणि दिसावयास निर्दोष असलेल्या ओळीवर कंपायलर दोष दाखवितो. उलट, सूचनेच्या वर लिहिलेल्या ओळींना तिचा कांहींच उपयोग होत नाहीं.

म्हणूनच जाणते लोक बहुतेक पूर्वसूचना फाइलच्या माथ्यावर लिहितात. नियमानें जागा कोठेंहि दिली आहे. माथ्याची जागा अनुभवानें ठरविली आहे.